सॅव्हानावर तरंगताना

'सफारी' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या मार्गाने आला असला, तरी तो मूळचा स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीत तो आला अरबीतून. म्हणजे आपल्या बोलण्यातली 'सफर' आणि आफ्रिकेतली 'सफारी' यांचे कूळ एकच. पूर्व आफ्रिकेतील माणसाच्या दृष्टीने सफारी म्हणजे नुसता प्रवास; वाटेत सिंह दिसलाच पाहिजे, अशी त्यात अट नाही. पर्यटन व्यवसायाने मात्र या शब्दाभोवती जीप, दुर्बीण आणि कॅमेरा यांची चौकट घट्ट बसवली. या चौकटीबाहेरचा एक प्रकार केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी येथे गेली अनेक वर्षे चालू आहे. तो म्हणजे गरम हवेच्या फुग्यातून, अर्थात 'हॉट एअर बलून'मधून केलेली सफारी.

मुंबई-पुण्याहून केनियाला जाणाऱ्या पर्यटकांना या बलून सफारीची ओळख बहुधा सहलीच्या माहितीपत्रकात होते. तिथे ती 'ऐच्छिक' म्हणून नोंदलेली असते आणि तिच्यासाठी माणशी सुमारे साडेचारशे ते सहाशे डॉलर, म्हणजे साधारण चाळीस ते पन्नास हजार रुपये वेगळे मोजावे लागतात. उड्डाण असते तासाभराचे. साहजिकच प्रश्न पडतो, की जे प्राणी जीपमधून दहा-पंधरा मीटरवरून दिसतात, तेच वरून पाहण्यासाठी एवढा खर्च कशासाठी करायचा?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की प्राणी अधिक जवळून पाहण्यासाठी बलूनमध्ये बसण्यात अर्थ नाही. त्यासाठी जीपच उत्तम. बलूनमधून दिसते ती प्राण्यांना पोसणारी भूमी. गवत कुठे संपते, पाणी कुठे वाहते, कळप कोणत्या वाटेने जातात आणि त्या वाटा कुठे अडतात, हे जमिनीवरून कळत नाही. वरून ते एका दृष्टिक्षेपात कळते. हा फरक आधी ध्यानात घेतला, तर खर्च करायचा की नाही, हे ठरवणे सोपे जाते आणि केलेला खर्च सार्थकीही लागतो.

गरम हवेचे गणित

फुग्यातून उडण्याची कल्पना सव्वादोनशेहून अधिक वर्षे जुनी आहे. फ्रान्समधील आनोने या गावी कागदाचा कारखाना चालवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंनी ४ जून १७८३ रोजी गरम हवेचा फुगा जाहीरपणे उडवून दाखवला. सप्टेंबरमध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे तीन 'प्रवासी' आकाशात जाऊन सुखरूप परतले. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद या दोघांनी पॅरिसवरून सुमारे २५ मिनिटे मुक्त उड्डाण केले. माणसाने आकाशात केलेला तो पहिला मोकळा प्रवास. पण गवत आणि काटक्या जाळून उडणारा तो फुगा फार वेळ हवेत राहू शकत नव्हता. पुढे हायड्रोजनचे फुगे आले आणि गरम हवेचा फुगा मागे पडला. त्याला नवा जन्म दिला अमेरिकेच्या एड योस्ट यांनी. २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रास्का राज्यात त्यांनी नायलॉनचा फुगा आणि प्रोपेनवर चालणारा बर्नर वापरून उड्डाण केले. आज जगभर उडणारे बलून याच घडणीचे आहेत.

फुगा वर का जातो, याचे गणित सोपे आहे. हवा तापली की प्रसरण पावते आणि विरळ होते. मसाई माराचा सपाट माळच मुळी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे. त्या उंचीवर पहाटेच्या १५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन साधारण एक किलो भरते. हीच हवा ९५ अंशांपर्यंत तापवली, तर तेवढ्याच जागेतील हवेचे वजन ८०० ग्रॅमच्या जवळपास येते. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे वर उचलण्याची शक्ती मिळते ती जेमतेम दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची. म्हणूनच फुगा प्रचंड लागतो. दहा हजार घनमीटरच्या फुग्यात मिळून सुमारे २,२०० किलो वजन उचलले जाते. त्यातून कापड, टोपली, बर्नर आणि गॅसचे सिलिंडर यांचे वजन वजा केले, की पायलटसह बारा ते सोळा माणसांपुरती जागा उरते.

मराठी वाचकाला या प्रकारातील एक पराक्रम आठवत असेल. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी मुंबईतून गरम हवेच्या फुग्याने झेप घेतली आणि २१ हजार मीटरहून अधिक उंची गाठून जागतिक विक्रम केला. त्यांच्या आणि माराच्या बलूनमागचे शास्त्र एकच आहे. फरक उद्देशाचा आहे. सफारीचा बलून बहुतेक वेळ झाडांच्या शेंड्यांपासून तीनशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यातच वावरतो, कारण त्याहून वर गेल्यास खालचे प्राणी ठिपक्यांएवढे दिसू लागतात.

पहाटेचाच आग्रह कशासाठी

बलून सफारीला निघणाऱ्यांना पहाटे चार-साडेचारला उठवले जाते. सुट्टीच्या दिवशी हा छळ कशासाठी, असे अनेकांना वाटते. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण वरच्या हिशेबातच दडलेले आहे. फुग्याचे बळ आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. दुपारी बाहेरचे तापमान ३० अंशांवर गेले, की त्याच फुग्याची उचलण्याची शक्ती सुमारे पाचशे किलोंनी घटते. सहा-सात माणसांचे वजनच त्यातून वजा होते. आतली हवा आणखी तापवून ही तूट भरून काढता येत नाही. नायलॉनला सोसेल अशा मर्यादेतच ती ठेवावी लागते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन तळाशी बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला 'तापमानाची विपरीतता' म्हणून शिकलो आहोत. या अवस्थेत हवा शांत असते. सूर्य वर आला, जमीन तापू लागली, की गरम हवेचे झोत खालून वर उसळू लागतात. त्यांना 'थर्मल' म्हणतात. हे झोत एवढ्या मोठ्या फुग्याला अकस्मात वर ढकलतात किंवा खाली खेचतात, आणि जमिनीवर वारेही सुटतात. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास उडायचे आणि तासाभरात उतरायचे, हा नियम आवडीनिवडीचा नसून निसर्गाने घालून दिलेला आहे.

ज्या थर्मलना पायलट टाळतात, त्यांचीच गिधाडे वाट पाहत असतात. सकाळी झाडांच्या शेंड्यांवर पंख आवरून बसलेली गिधाडे बलूनमधून दिसतात. हवा तापून वर चढू लागल्याशिवाय त्यांना सहज उंच जाता येत नाही. बलून उतरतो, त्यानंतर त्यांचा दिवस सुरू होतो.

सुकाणू नसलेले वाहन

बलूनला चाक नाही, सुकाणू नाही, इंजिन नाही. पायलटच्या हाती फक्त दोन गोष्टी असतात. बर्नर पेटवून वर जाणे, आणि हवा निवू देऊन किंवा माथ्यावरची झडप दोरीने उघडून खाली येणे. पुढे जाणे सर्वस्वी वाऱ्याच्या हाती. मात्र वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगांनी वाहत असतात. उड्डाणाआधी पायलट एक छोटा फुगा हवेत सोडतो आणि तो कोणत्या उंचीवर कुठे वळतो, हे न्याहाळतो. मग हव्या त्या दिशेच्या वाऱ्याच्या थरात शिरायचे आणि तिथे टिकून राहायचे, हेच त्याचे कौशल्य. त्यातही बर्नर पेटवल्यानंतर फुग्याने प्रतिसाद द्यायला काही सेकंद जातात. समोर दिसणाऱ्या झाडासाठी आधीच निर्णय घ्यावा लागतो.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फाइव्ह वीक्स इन अ बलून' या कादंबरीतील प्रवासी झांझिबारहून निघून आफ्रिका खंड ओलांडतात, ते उंची बदलून अनुकूल वारा शोधण्याच्या याच युक्तीने. या कथेने भारलेल्या अँथनी स्मिथ या ब्रिटिश लेखकाने १९६२ साली 'जाम्बो' नावाच्या हायड्रोजनच्या फुग्यातून झांझिबारहून पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीकडे उड्डाण केले. त्या मोहिमेत चित्रीकरणासाठी सामील झालेले अ‍ॅलन रूट पुढे वन्यजीवपटांचे नामवंत निर्माते झाले. फुग्याचे वेड त्यांना तिथेच लागले. १९७६ मध्ये त्यांनी मसाई मारातील कीकोरॉक लॉजपाशी पर्यटकांसाठी बलून सफारी सुरू केली. सेरेंगेटीत ती १९८९ पासून सुरू झाली.

वाऱ्याबरोबरच प्रवास होत असल्याने एक गंमत घडते. टोपलीत वारा अजिबात लागत नाही. बलून ताशी पंधरा किलोमीटरने जात असला, तरी आपण स्थिर आहोत आणि जमीनच खालून सरकते आहे, असे वाटते. बर्नर बंद असतो तेव्हा शांतता इतकी गाढ असते, की खालच्या झेब्र्यांचे ओरडणे आणि पक्ष्यांचे आवाज स्पष्ट ऐकू येतात. बर्नर पेटला, की मात्र ही शांतता गर्जनेने भंगते.

वरून काय दिसते

सेरेंगेटी हे नाव मसाई भाषेतील 'सिरिंगेत' या शब्दावरून आले असून त्याचा अर्थ अंतहीन मैदान असा सांगितला जातो. 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे. पिवळ्या गवतावर विखुरलेली झाडे आणि झुडपे पाहून मसाईंनी हे नाव ठेवले. जमिनीवरून ते नाव तितकेसे पटत नाही. तीनशे फुटांवरून पाहताच ते किती नेमके आहे, हे लक्षात येते.

खाली अनेक खुणा उलगडत जातात. मारा नदीच्या काठापासून माळाकडे पंख्यासारख्या पसरलेल्या वाटा पाणघोड्यांच्या असतात. दिवसभर पाण्यात डुंबणारे पाणघोडे रात्री गवत चरायला बाहेर पडतात आणि पहाटेपर्यंत परततात. पिढ्यान् पिढ्या त्याच वाटांनी गेल्यामुळे जमिनीवर चर पडले आहेत. माळभर ठरावीक अंतरावर दिसणारे हिरवट ठिपके वारुळांचे असतात. वाळवीने वर आणलेली माती सकस असल्याने तिथे गवत आणि झाडे जोमाने वाढतात. वणव्याने काळ्या पडलेल्या पट्ट्यांवर कोवळी हिरवळ उगवलेली असते आणि चरणारी जनावरे तिथेच अधिक दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्राण्यांपेक्षा त्यांच्या सावल्याच आधी नजरेत भरतात.

जुलै ते ऑक्टोबर या काळात यात भर पडते ती विल्डबीस्टच्या रांगांची. सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट, दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखोंच्या संख्येने गॅझेल हरणे सेरेंगेटी आणि मारा यांच्यात दरवर्षी चक्राकार फिरतात. या स्थलांतराचे कारण गवत आणि पाऊस यांच्या विभागणीत आहे. दक्षिण सेरेंगेटीची माती ज्वालामुखीच्या राखेची. तिच्यावरच्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. म्हणून जानेवारी ते मार्चच्या सुमारास माद्या तिथे विणतात आणि काही आठवड्यांतच लाखो वासरे जन्माला येतात. पण पाऊस संपला, की तिथले पाणी आटते. उत्तरेकडे मारात पाऊस अधिक आणि नदीचे पाणी बारमाही. म्हणजे सकस चारा एका टोकाला आणि हमखास पाणी दुसऱ्या टोकाला. या दोहोंमधली ये-जा चालू राहिली, तरच एवढे मोठे कळप जगू शकतात.

हे चित्र शास्त्रज्ञांनाही प्रथम आकाशातूनच उमगले. फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मायकल यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस, झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतील कळपांची मोजणी केली. उद्यानाच्या आखल्या जाणाऱ्या सीमा आणि कळपांच्या प्रत्यक्ष वाटा यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. जानेवारी १९५९ मध्ये विमानाला गिधाड धडकून झालेल्या अपघातात मायकल मरण पावला. त्यांच्या कामावरील 'सेरेंगेटी शॅल नॉट डाय' या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळाले.

न दिसणारी माणसे, दिसणारी कुंपणे

वरून पाहताना हा प्रदेश माणसाचा स्पर्श न झालेला वाटतो. ते खरे नाही. मसाई पशुपालक इथे पिढ्यान् पिढ्या गुरे चारत आले. टांझानियात १९५९ साली त्यांना सेरेंगेटीच्या उद्यानातून हलवण्यात आले आणि शेजारच्या गोरोंगोरो परिसरात जागा देण्यात आली. माळ रिकामा दिसतो, त्यामागे असाही इतिहास आहे.

केनियात चित्र वेगळे आहे. मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे. सेरेंगेटीचे उद्यान त्याच्या जवळजवळ दहापट मोठे. माराचे कळप राखीव क्षेत्राच्या हद्दीत मावत नाहीत. ते भोवतालच्या मसाईंच्या जमिनींवर चरतात. या जमिनी पूर्वी गटाच्या सामायिक मालकीच्या होत्या. त्यांची वाटणी होऊन प्रत्येक कुटुंबाला आपला तुकडा मिळाला आणि अनेकांनी त्याला कुंपण घातले. त्यात कुटुंबाचा दोष नाही. आपली जमीन आपल्या गुरांसाठी राखणे, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजेल असे कारण आहे. पण परिणाम गंभीर झाला. माराच्या ईशान्येकडील लोइटा मैदानांतून दरवर्षी माराकडे येणारा विल्डबीस्टचा एक स्वतंत्र, छोटा स्थलांतरप्रवाह होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यात लाखाहून अधिक जनावरे होती. आज त्याच्या चौथाईही उरलेली नाहीत. वाटेतील शेती, वस्ती आणि कुंपणे ही त्याची मुख्य कारणे मानली जातात.

यावर निघालेला एक तोडगा म्हणजे 'कॉन्झर्व्हन्सी'. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी ही त्यांतील काही नावे. इथे मसाई जमीनमालक आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्याने देतात. कुंपण घालायचे नाही आणि गुरे ठरवलेल्या पद्धतीनेच चारायची, अशी अट असते. बदल्यात त्यांना नियमित भाडे मिळते. ही व्यवस्था किती नाजूक आहे, ते २०२० मध्ये करोनाच्या साथीने पर्यटन थांबले तेव्हा दिसले. भाड्याचा स्रोतच आटला. तरीही कुंपणाविना राहिलेल्या जमिनीचा मोबदला मालकाला मिळत राहील, तोवरच ती मोकळी राहील, हे उघड आहे. म्हणून मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. कॉन्झर्व्हन्सीतील किंवा तिला भाडे देणाऱ्या छावणीत राहिल्यास आपल्या पैशाचा काही भाग या मोकळ्या वाटांसाठी जातो. तशी चौकशी आरक्षणाच्या वेळीच करावी.

प्राण्यांना त्रास होतो का

बलून धूळ उडवत नाही, चाकांच्या खुणा उमटवत नाही आणि कोणाचा पाठलागही करू शकत नाही. नदी ओलांडणाऱ्या कळपाला डझनावारी गाड्यांचा गराडा पडतो, त्या तुलनेत तो निश्चितच सौम्य आहे. पण तो निरुपद्रवी आहे, असे म्हणता येणार नाही. बर्नरचा आवाज मोठा असतो. अगदी खालून जाताना तो पेटवला, तर कळप बिथरतात, हत्ती अस्वस्थ होतात. यासाठी कमी आवाजाचा दुसरा बर्नर असतो. त्यात द्रवरूप गॅस थेट जाळला जातो, त्यामुळे ज्योत पिवळी आणि आवाज मऊ असतो. जाणता पायलट प्राण्यांवरून जाताना तोच वापरतो किंवा आधीच उंची घेऊन शांतपणे तरंगत पुढे जातो. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बलूनच्या मागोमाग त्याला आणायला गाड्या धावतात आणि त्यांना रस्ता सोडून गवतात शिरावे लागते. त्यामुळे 'आणखी खाली चला' असा आग्रह प्रवाशांनी धरू नये, हे बरे.

सुरक्षिततेचे प्रश्न

गरम हवेचे बलून सामान्यतः सुरक्षित मानले जातात. तरी मोठे अपघात झाले आहेत आणि त्यांची कारणे ठाऊक असावीत. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी इजिप्तमधील लक्झर येथे बलूनला आग लागून १९ जण दगावले. ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ बलून विजेच्या तारांना धडकला आणि त्यातील सर्व १६ जणांचा मृत्यू झाला. जून २०२५ मध्ये दक्षिण ब्राझीलमध्ये बलून पेटून आठ जणांनी प्राण गमावले. गॅस, आग आणि विजेच्या तारा हे यातील मुख्य धोके. अभयारण्यात तारांचा धोका कमी असतो. तरी गॅसची व्यवस्था आणि पायलटचा अनुभव यांचे महत्त्व तेवढेच राहते.

सर्वसामान्य प्रवाशाच्या वाट्याला येणारा खरा कसोटीचा क्षण म्हणजे उतरणे. बलूनला ब्रेक नसतो. वारा असेल, तर टोपली जमिनीवर आपटत, घसरत जाते आणि कधी आडवीही होते. उड्डाणाआधी पायलट बसण्याची पद्धत शिकवतो. पाठ प्रवासाच्या दिशेने टेकवायची, गुडघे दुमडायचे, आतल्या दोऱ्या घट्ट धरायच्या आणि पायलटने सांगेपर्यंत बाहेर पडायचे नाही. हे नीट ऐकावे. गर्भवती स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पाठीचा किंवा हाडे ठिसूळ होण्याचा विकार असलेले यांनी हा मोह टाळावा. टोपलीच्या कडेवरून बाहेर पाहता येणार नाही अशा लहान मुलांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. आई-वडिलांना सोबत नेणार असाल, तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी करा. उंच कडेच्या टोपलीत चढावे लागते आणि सुमारे तासभर उभे राहावे लागते.

आरक्षण करताना चार गोष्टी विचाराव्यात. पायलटकडे व्यावसायिक परवाना आणि कंपनीकडे त्या देशाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची मान्यता आहे का? प्रवाशांचा विमा किती? टोपलीत किती माणसे असतील? आणि हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का? आपल्या प्रवासविम्यात बलून उड्डाणाचा समावेश आहे की ते वगळले आहे, हेही विमापत्रात पाहून घ्यावे. वारा बरा नाही म्हणून पायलटने उड्डाण रद्द केले, तर त्याच्याशी वाद घालू नये. नकार देणारा पायलट हाच भरवशाचा पायलट.

केव्हा जावे, काय तयारी करावी

आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी या सहलीला सोयीची नाही. मार्च ते मे हा पूर्व आफ्रिकेत मोठ्या पावसाचा काळ. उड्डाणे रद्द होण्याची शक्यता अधिक. जून ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम उत्तम. दसऱ्याच्या सुट्टीत स्थलांतराचा शेवटचा भाग मारात गाठता येतो. दिवाळी नोव्हेंबरात आली, तर छोट्या पावसाचा संभव असतो. मात्र जुलै ते डिसेंबर या काळात मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढ पर्यटकाला दिवसाला २०० डॉलर आहे, तर जानेवारी ते जून या काळात १०० डॉलर. २०२४ पासून लागू झालेले हे दर बलूनच्या खर्चाव्यतिरिक्त असतात.

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवणे आवश्यक आहे. ते नसल्यास भारतात परतताना विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. पहाटे बोचरी थंडी असते, म्हणून स्वेटर हवा. डोक्यावर बर्नरची धग लागते, म्हणून टोपी हवी. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालावेत. उतरल्यावर माळावरच न्याहारी देण्याची प्रथा आहे. तिच्यासोबत शँपेन देतात. ही रीत फ्रान्समधून आली. शाकाहारी असल्यास आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

शेवटचा सल्ला वेळापत्रकाचा. मारात तीन रात्री मुक्काम असेल, तर बलून दुसऱ्या सकाळी ठेवावा. पहिल्या दिवशी जीपमधून नदी, माळ आणि प्राणी ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे वरून दिसणाऱ्या खुणांचा अर्थ लागतो. त्या दिवशी हवेने दगा दिला, तर तिसरी सकाळ हाताशी राहते. बजेट मर्यादित असेल आणि बलून की जीपचा आणखी एक दिवस, अशी निवड करायची असेल, तर प्रथमच जाणाऱ्याने जीपचा दिवस घ्यावा. सिंह आणि चित्ते तिथेच भेटतात. पण ज्याला हे एवढे प्राणी इथेच का आहेत आणि पुढेही ते इथे राहायचे असतील तर काय मोकळे राहिले पाहिजे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे, त्याने एकदा तरी पहाटे उठून ही सफर करावी.